चहाच्या खोक्यातला खर्ज

आमच्या अल्मा स्ट्रीटवर भर दिवसा पुढच्या खोलीचे पडदे ओढायचे असतील, तर घरात कोणीतरी मेलेलं असावं लागतं. हा नियम कुठंही लिहून ठेवलेला नाही. मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात बावीस वर्षं कारकुनी केली आहे, त्यामुळे लिहिलेले नियम लोक कसे मोडतात ते मला चांगलं ठाऊक आहे. न लिहिलेला नियम मोडणारा माणूस मात्र मी पाहिला नव्हता. एकोणीसशे सत्तावन्न साली, मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी अडीच वाजता, तो मीच मोडला. कारण काय, तर चहाचं एक रिकामं खोकं. गल्लीत ही गोष्ट अजूनही चुकीची सांगतात, म्हणून एकदा मीच ती सरळ सांगून टाकतो.

आमचा मुलगा कॉलिन तेव्हा सोळाचा होता. त्या वर्षी इंग्लंडातल्या सगळ्या सोळा वर्षांच्या पोरांना एकच रोग झाला होता, त्याचं नाव स्किफल. एकानं गिटार घ्यायची, जिच्यावर त्याला तीनच सूर येतात. दुसऱ्यानं आईचा कपडे घासायचा खरखरीत पत्रा पळवायचा आणि बोटांत शिवणाची अंगुस्तानं चढवून तो खरवडायचा. मग सगळ्यांनी मिळून अमेरिकेतल्या आगगाड्यांविषयी गायचं. आमच्या पोरांनी अमेरिका सोडा, लंडनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. गिटार कॉलिनची, बँजो त्याचा दोस्त ब्रायनचा, आणि पत्रा खरवडायला दुसरा दोस्त ट्रेव्हर. पत्रा आमच्या विनीचा, म्हणजे माझ्या बायकोचा. सोमवारी धुणं आणि बाकीचे दिवस गाणं, अशी त्याची वाटणी झाली होती. हे सगळं आमच्या स्वयंपाकघरात चाले, कारण पुढची खोली आम्ही वापरत नाही. पुढची खोली नाताळसाठी आणि मयतासाठी असते.

वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत माझे वडील राहत. ईनॉक क्रॉशॉ. पंचेचाळीस वर्षं सूतगिरणीत कापूस पिंजला, आणि त्यातली चाळीस वर्षं गिरणीच्या पितळी बँडमध्ये वाजवलं. बँडमधला सगळ्यांत मोठा भोंगा त्यांचा, मांडीवर घेतला की मागचा माणूस दिसत नसे. खर्ज धरायचं काम. ते म्हणायचे, "वरचे सूर लोक ऐकतात, एडविन. खर्ज कोणी ऐकत नाही. थांबला की मात्र कळतं."

मग कापसाची धूळ छातीत बसली आणि डॉक्टरांनी फुंकायला बंदी केली. भोंगा बँडच्या मालकीचा. बँडचे चिटणीस शोरॉक हातगाडी घेऊन आले, पोच लिहून दिली आणि तो घेऊन गेले. वडिलांनी तो जाण्याआधी पुसून लख्ख केला, दार लावलं आणि वर गेले. ते चार वर्षं जवळजवळ वरच राहिले. शेवटी शेवटी रविवारच्या जेवणालाही खाली येईनासे झाले. विनी ताट वर न्यायची आणि निम्मं खाली आणायची. त्या हिवाळ्यात निम्म्याहून जास्त परत यायला लागलं होतं. कुठं चाललंय ते आम्हा दोघांनाही कळत होतं. पण आमच्याकडं असल्या गोष्टी कोणी बोलत नाही, आम्ही हवापाण्याविषयी बोलतो.

तर एका संध्याकाळी पोरं स्वयंपाकघरात कोकलत असताना वरून काठी आपटल्याचा आवाज आला. विनी धावत वर गेली आणि चेहरा कसातरी करून खाली आली.

"आवाज बंद करा म्हणाले ना?" मी विचारलं.

"नाही. म्हणाले, खाली खर्ज नाही. पोरं पाया न घालता घर बांधताहेत."

गेल्या चार महिन्यांत ते एवढं लांब बोलले नव्हते. कॉलिन म्हणाला, "खर्जाला चहाचं खोकं लागतं, डॅड. त्याला झाडूचा दांडा लावायचा आणि दोरी. पण आमच्याकडं खोकं कुठंय?" आणि मी, ज्यानं आयुष्यात कधी खिळासुद्धा सरळ ठोकलेला नाही, बोलून गेलो, "मी करून देतो." विनीनं माझ्याकडं पाहिलं. झाडू उचलला आणि जिन्याखाली लपवला.

चहापत्ती भरून येणारी ती मोठी लाकडी खोकी रिकामी झाली की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळत. दुकानाचे व्यवस्थापक डक्सबरी, कानाला पेन्सिल. घर बदलणारे लोक सामान भरायला ती खोकी नेतात, म्हणून कोण कशाला नेतं याची एक वही होती.

"कुठं निघालात राहायला?" डक्सबरींनी विचारलं.

"कुठंच नाही."

"मग खोकं कशाला?"

"तसंच."

"तसंच असा रकाना नाही, क्रॉशॉ. तुम्ही पाणीखात्यातले. तुम्हाला मी काय सांगावं?"

बरोबरच होतं त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही दिलं नसतं. शिवाय मागं सहा बायका रांगेत उभ्या होत्या, आणि पाणीखात्याच्या वरिष्ठ कारकुनाला खोक्यावर दोरी बांधून वाजवायची आहे हे मी त्यांच्यासमोर सांगणं शक्य नव्हतं. मी वही ओढली आणि कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं: वडिलांसाठी.

डक्सबरींनी ते वाचलं. पेन्सिल कानावरून काढली. मागच्या बायका एकदम गप्प झाल्या. मग ते स्वतः आत गेले आणि एक कोरं करकरीत खोकं घेऊन आले, कडांना पत्रा, आत चांदीचा कागद. हळूच म्हणाले, "काही लागलं तर सांगा. हॅमचं मी बघतो." मला वाटलं, वडिलांच्या बँडमधल्या कामाबद्दल गावात अजून केवढा आदर आहे. ऊर भरून आला. हॅमचा काय संबंध हे मी विचारलं नाही. तो गुरुवार होता.

खोकं घेऊन गल्लीत शिरलो तसा समोरच्या घरातले पॉम्फ्रेट बाहेर आले. निवृत्त सुतार. निवृत्त सुतार शेजारी असला की माणसाला स्वतःच्या हातानं काही करता येत नाही आणि तो स्वतःही काही करत नाही, नुसता उभा राहून श्वास सोडतो.

"भोक मधोमध नको पाडू," पॉम्फ्रेट म्हणाले. मी मधोमध पाडलं होतं.

"दोरी कपडे वाळत घालायची नको." ती बांधून झाली होती. पहिल्याच ओढीला ती लांबत गेली आणि दांडा माझ्या कानशिलावर बसला. मग पॉम्फ्रेटनी मासे पकडायची दोरी आणून दिली. तिनं माझा अंगठा कापला. मग वरखाली सरकणाऱ्या खिडकीची जाड दोरी लावली. ती टिकली, पण खोक्याचा तळ फुटला आणि मी आतल्या चांदीच्या कागदात कोपरापर्यंत गेलो. "तळाला पट्टी मारायला हवी होती," पॉम्फ्रेट म्हणाले. हे आधी का नाही सांगितलं असं विचारल्यावर म्हणाले, "तू विचारलंस कुठं?" विनी दारात उभी होती. तिचा झाडू जिन्याखाली सापडला होता आणि आता त्याचे दोन तुकडे होते.

"दोरीला मेण चोळा."

आवाज जिन्यावरून आला. वडील वरून चौथ्या पायरीवर उभे होते, गाऊनमध्ये, कठडा धरून. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत राहिलो. त्यांनी ते पाहिलं आणि परत वर गेले. शुक्रवारी सकाळी ते सातव्या पायरीपर्यंत उतरले आणि दांडा आखूड करायला सांगितलं. संध्याकाळी खालच्या पायरीवर बसून राहिले, आणि विनीनं तिथंच ताट दिलं. किती परत आलं ते मी पाहिलं. बटाट्याची एक फोड.

शनिवारी वडील दाढी करून, कॉलर लावून खाली आले. दोरीवर बोट ठेवलं, एकदा ओढली. डुम्. खोक्यातून आलेला तो आवाज मी लहानपणी, ते वाजवत असताना त्यांच्या पाठीला पाठ लावून ऐकलेला होता. वडिलांनी एक पाय खोक्यावर ठेवला, दांडा मागं ओढून दोरी ताणली, आणखी एकदा वाजवली आणि म्हणाले, "याला श्वास लागत नाही." मग म्हणाले, "स्वयंपाकघरात घुमत नाही. पुढच्या खोलीत चला."

आता मी कबूल करतो. मला लाज वाटली. पुढच्या खोलीची खिडकी थेट फुटपाथवर. चाळीस वर्षं बँडच्या गणवेशात बसलेला माझा बाप, आता एका हातात मोडका झाडू आणि एक पाय चहाच्या खोक्यावर, आणि जाणारे येणारे बघताहेत. पुढच्या महिन्यात मला चॅपलचा, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराचा, कारभारी नेमणार होते. म्हणून अडीच वाजता मी पडदे ओढले.

पडदे ओढल्यावर लगेच वाजलं असतं तर काहीच झालं नसतं. पण वडिलांनी पोरांना आधी खाली बसवलं. "तुम्हाला मोजता येत नाही. आधी मोजा. तोंड बंद ठेवून." आणि वीस मिनिटं ती तीन पोरं आणि माझे वडील अंधाऱ्या खोलीत चिडीचूप बसून बोटानं गुडघ्यावर ठोके मोजत होते. घरातून चकार शब्द बाहेर जात नव्हता.

मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होतो. मागचं दार वाजवल्याशिवायच उघडलं आणि शेजारच्या एन्टविसलबाई आत आल्या. पांढरा एप्रन, बगलेत टॉवेल, हातात घमेलं. गल्लीत कोणी गेलं की मयताला आंघोळ घालून कपडे चढवायचं काम त्यांचं. माझ्या आईलाही त्यांनीच तयार केलं होतं.

"बाई, हे काय..."

"बोलू नकोस, एडविन. बस. विनी, पाणी तापव." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खुर्चीत दाबलं. "गुरुवारीच कळलं डक्सबरीकडून. माझं मन तयार होतं. तू रडलास तरी चालेल, मी कोणाला सांगणार नाही."

मी खुलासा करणार, तेवढ्यात पुढचं दार वाजलं. आमच्याकडं पुढचं दार कोणी वाजवत नाही. आई गेली त्यानंतर ते उघडलंच नव्हतं, फुगून बसलं होतं. मी खांदा लावून ते उघडलं. समोर शोरॉक आणि बँडची सहा माणसं, गणवेशात, टोप्या छातीशी धरून. त्यांच्या मागं डक्सबरी, हातात फडक्यात गुंडाळलेला अख्खा हॅम, म्हणजे खारवलेली डुकराची मांडी, मयताच्या जेवणाला आमच्याकडं हाच लागतो. आणि त्या सगळ्यांच्या मागं अल्मा स्ट्रीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मयताला मान म्हणून एकूण एक पडदा ओढलेला.

तेव्हा मला उलगडा झाला: वहीतलं 'वडिलांसाठी' वाचून डक्सबरींना वाटलं होतं, वडील आता जाणार आणि त्यांचं सामान भरायला खोकं हवं, आणि आज मी पडदे ओढले होते. मला तिथंच सांगायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण शोरॉक बोलायला लागले होते, आणि टोपी काढून बोलणाऱ्या माणसाला मध्येच तोडायचं हे मला आईबापांनी शिकवलेलं नाही.

"एडविन," शोरॉक म्हणाले, "बँडला परवानगी हवी आहे. ईनॉकला आम्ही वाजवत नेणार. असा खर्ज धरणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही. गेली चार वर्षं आमचं काहीतरी चुकतंय आणि सगळ्यांना ठाऊक आहे काय चुकतंय." त्यांनी टोपी हातात फिरवली. "ती हातगाडी. तेव्हा कमिटीचा ठराव होता. पण मी निदान आत येऊन बसायला हवं होतं. कपभर चहा घ्यायला हवा होता. मी दारातूनच पावती दिली. ते मला..."

त्यांना पुढं बोलवेना. सहाही जण बुटांकडं बघत होते. माझ्या पाठीमागं पुढच्या खोलीचं दार किलकिलं होतं.

डुम्.

शोरॉकनी मान वर केली.

"तू नेहमीच अर्धा ठोका आधी थांबतोस, शोरॉक," आतून वडिलांचा आवाज आला. "बोल की पुढं."

एन्टविसलबाई घमेलं घेऊन माझ्या बाजूनं आत घुसल्या. वडील खोक्यावर पाय ठेवून उभे होते. "अ‍ॅग्नेस," ते म्हणाले, "पाणी परत ने. दमलोय, मेलो नाही." बाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. एवढा वेळ आवरलेलं रडू त्यांना आता आलं. टॉवेल त्यांनी स्वतःच वापरला.

पुढचा प्रश्न हॅमचा होता. मयताच्या घरी आणलेला हॅम परत न्यायचा नसतो, आणि मयत नसलेल्या घरी तो खायचा की नाही याविषयी कोणालाच काही माहीत नव्हतं. शेवटी एन्टविसलबाईंनी सुरी मागितली आणि प्रश्न मिटला. अर्धी गल्ली काळे कपडे घालून आमच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीनं उभी राहिली, हातात हॅमच्या बशा, आणि तिघा पोरांनी व माझ्या वडिलांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. काळ्या कपड्यांत टाळ्या वाजवणं बरं दिसत नाही. शोरॉक शेवटपर्यंत थांबले आणि दोन कप चहा प्याले. वडिलांची बशी विनी स्वतः उचलायला गेली, आणि ती मला दाखवायला स्वयंपाकघरात घेऊन आली. चाटूनपुसून साफ होती.

भोग माझ्या वाट्याला आले ते सोमवारी. मी कचेरीत गेलो तर माझ्या टेबलावर दुसराच माणूस. वडील वारल्याची तीन दिवसांची रजा परस्पर मंजूर झाली होती. मी म्हणालो, वडील जिवंत आहेत. आस्थापनेचा कारकून म्हणाला, "अभिनंदन. पण मंजूर रजा परत घ्यायचा छापील अर्ज नाही." मी तीन दिवस घरी बसून वडिलांच्या हाताखाली दोऱ्यांना मेण चोळलं. मग पोरांना तिथं वाजवता यावं म्हणून चॅपलच्या सभागृहासाठी अर्ज केला. त्यात वाद्यांचे रकाने तीन: पियानो, पितळी, तारांचं. विश्वस्तांच्या दोन बैठका झाल्या आणि त्यांनी खोक्याची नोंद फर्निचर म्हणून केली. मला कारभारी मात्र नेमलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पण दर शनिवारी अडीच वाजता आमच्याकडं तालीम व्हायची, आणि दर शनिवारी मी पडदे ओढायचो. वडील हसायचे. "ओढ, ओढ," म्हणायचे. "पाणीखात्याची अब्रू." गल्ली हळूहळू सरावली. जूनपर्यंत आमचे पडदे मिटले की पॉम्फ्रेट खुर्ची घेऊन फुटपाथवर येऊन बसायचे आणि बुटानं ठेका धरायचे. एन्टविसलबाई त्यांच्या घरात सामाईक भिंतीला लावून खुर्ची ठेवायच्या. वाईट वाजलं की भिंतीवर लाटणं आपटायच्या. सगळ्या गावात आमचं एकच घर असं होतं की जिथं पडदे ओढले म्हणजे कोणी मेलेलं नाही.

नोव्हेंबरात, शनिवारीच, जेवून जरा पडतो म्हणून वडील ताट घेऊन वर गेले. विनी दोनला त्यांना उठवायला गेली. ताट बाजूला होतं, रिकामं. हात पांघरुणावर, एक बोट ठोका मोजताना असतं तसं. डॉक्टर मागच्या दारानं आले आणि मागच्या दारानं गेले. कॉलिननं दोस्तांना मागच्या दारातूनच परत पाठवलं. मी खाली आलो, पुढच्या खोलीत गेलो आणि पडदे ओढले. घड्याळात अडीच वाजले होते.

मग फटीतून बाहेर पाहिलं. गल्लीत एकही पडदा हलला नाही. पॉम्फ्रेट खुर्ची घेऊन बाहेर आले, बसले, पाइप पेटवला. मला राग आला. एवढा राग मला उभ्या आयुष्यात आला नसेल. जिवंत होते तेव्हा सगळी गल्ली काळी झाली, आणि आज माझा बाप खरोखर गेला तर हा माणूस फुटपाथवर बसून बूट आपटायला तयार. पण बोलणार कोणाला? हात दाखवून अवलक्षण केलं होतं ते मीच. बाहेर जाऊन सांगायची माझ्यात ताकद नव्हती. मी फटीशी उभा राहिलो.

पावणेतीन झाले. पॉम्फ्रेटचा बूट ठोक्यासाठी उचललेला होता, तो तसाच थांबला. त्यांनी आमच्या खिडकीकडं पाहिलं. बराच वेळ कान देऊन ऐकलं. मग पाइप तोंडातून काढला, टोपी काढली, उठून उभे राहिले, खुर्ची उचलून आत गेले आणि पडदा ओढला. त्यांच्या शेजारच्या घरानं ओढला. मग त्याच्या शेजारच्यानं. पार टोकापर्यंत. मी कोणाला एक शब्द सांगितला नव्हता. मागचं दार उघडलं आणि एन्टविसलबाई घमेलं घेऊन आल्या. या वेळी त्या सरळ वर गेल्या.

बँडनं त्यांना वाजवत नेलं. शोरॉक गाडीच्या मागं पायी चालले. मला रजा मिळाली नाही. आस्थापनेच्या कारकुनानं वही उघडून दाखवली: वडिलांच्या निधनाची रजा मार्चमध्ये घेतलेली आहे, आणि वडील एकच असतात. मी बिनपगारी गेलो.

पुढच्या शनिवारी पोरं आली. तिघंही पुढच्या खोलीत उभी राहिली आणि खोक्याकडं बघू लागली. "डॅड," कॉलिन म्हणाला, "आज नको."

मी कोट काढला. खोक्यावर पाय ठेवला आणि दांडा हातात घेतला. विनी दारात उभी होती. तिनं खिडकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पडदे?"

"असू देत उघडे," मी म्हणालो.

मी दोरी ओढली. आवाज फार वाईट आला. समोरून पॉम्फ्रेट खुर्ची घेऊन बाहेर येत होते. त्यांनी काचेतून मला नीट पाहिलं, श्वास सोडला आणि हातानं खूण केली, दोरी ढिली आहे. मी दांडा मागं ओढला.